व्हॉइस नोटवर इंग्लिश बोलायची प्रॅक्टिस: काही महिन्यांनंतरचा अनुभव

मी चाकणला ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे. मराठी मीडियम, मग डिप्लोमा. इंग्लिश वाचता येतं, मेल पण लिहितो, पण कस्टमरचा ऑडिटर समोर उभा राहिला की वाक्यच सुचायचं नाही. शिफ्टमुळे क्लास जमत नाही, म्हणून पावसाळ्यात आम्ही पाच जणांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि गावाकडच्या हायस्कूलमधून रिटायर झालेल्या इंग्लिशच्या बाईंना विनंती करून ॲड केलं.

नियम एकच, टाइप करायचं नाही. रोज एक-दीड मिनिटाची व्हॉइस नोट आणि विषय आपल्याच कामातला, म्हणजे आज लाइनवर काय रिजेक्ट झालं, का झालं, पुढे काय केलं.

खरा फायदा नोट पाठवायच्या आधीच होतो. माइक वर सरकवून लॉक करायचा, अडलं की पॉज, आणि पाठवण्याआधी स्वतःचं ऐकायचं (पॉज आणि प्रीव्ह्यूची सोय व्हॉट्सॲपमध्येच आहे). ऐकलं की काळ कुठे चुकला, कुठे अडखळलो ते आपलं आपल्यालाच कळतं, मग डिलीट करून परत बोलायचं, अजून नाही जमलं तर परत, आणि एवढ्या वेळा तेच वाक्य तोंडातून जातं हीच तर प्रॅक्टिस. चाळीस जणांच्या क्लासमध्ये एवढी संधी कोण देणार?

बाई ज्याच्या त्याच्या नोटला स्वाइप करून रिप्लाय देतात आणि 'चुकलं' असं कधीच म्हणत नाहीत. एक जण बोलला, 'द मटेरियल डिड नॉट केम'. बाईंचं उत्तर, 'ओह, इट डिडन्ट कम? सो व्हॉट डिड यू डू?' म्हणजे बरोबर वाक्य कानावर पडतं आणि पुढचं बोलावंच लागतं. वेल्ड (जोड) आणि व्हॉइड (आत राहिलेली पोकळी) हे आमचे रोजचे शब्द, दोन्ही सुरुवातीला सारखेच ऐकू यायचे. बाईंनी सांगितलं, वेल्डला ओठ गोल करा, व्हॉइडला वरचे दात खालच्या ओठाला टेकवा. ती नोट मी स्टार करून ठेवलीय, कंपनीच्या बसमध्ये अजून ऐकतो. स्पीड मात्र १, १.५ आणि २ एवढेच, शिकणाऱ्याला पाऊण स्पीड हवा होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे बोललेलं मशीनने लिहून दाखवायची सोय, जाहीर झालं, त्याचाही उपयोग होतो. नोटचा मजकूर ज्याला ती आलीय त्यालाच दिसतो, म्हणून आम्ही एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवतो. मशीनने भलताच शब्द लिहिला तर तो शब्द परत म्हणून बघायचा. पण याला मार्क समजू नका, आपल्या उच्चारात काही चूक नसली तरी ते गडबडतं.

कमी काय पडतं तर समोरासमोरचा वेग. नोटला विचार करायला वेळ मिळतो, ऑडिटर तो देत नाही. म्हणून रविवारी ग्रुप कॉल करतो, तिथे बाई मध्येच तोडून प्रश्न विचारतात. आणि कागदावर लिहून वाचू नका, वाचलेलं लगेच ओळखू येतं.

मागच्या ऑडिटला कंट्रोल प्लॅन (कुठल्या टप्प्यावर काय आणि कसं तपासायचं याचा कागद) मीच समजावला. एक प्रश्न कळला नाही तेव्हा न घाबरता 'कुड यू रिपीट दॅट, प्लीज' म्हणालो आणि उत्तर दिलं. फार बरं वाटलं, बाईंना तेव्हाच नोट पाठवली.

ग्रुप काढणार असाल तर पाच-सहा जणच ठेवा, शेकडो लोकांच्या ग्रुपात गुड मॉर्निंग आणि पीडीएफच फिरतात. मुलींचा नंबर अनोळखी लोकांना दिसतो, त्यामुळे ओळखीचेच घ्या. आणि ऐकून सुधारणारं एक माणूस हवंच, त्यांच्या वेळेचे पैसे द्या, आमच्या बाई घेत नव्हत्या, आम्ही आग्रहाने देतो.