विंडो मोडमध्ये माइनक्राफ्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मशीन साधंच. १५.६ इंची लॅपटॉप, इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स, सोबत ४ जीबीचं जीटीएक्स १६५० (एनव्हिडियाचं वेगळं, जास्त ताकदीचं ग्राफिक्स कार्ड), रॅम ८ जीबी, विंडोज ११. त्यावर माइनक्राफ्ट या गेमची जावा एडिशन आणि तीही कायम विंडोत, कारण शेजारी ब्राउझर उघडा हवा असतो. तक्रार नेहमीचीच: गेम बरा चालतो, पण बाकीच्या कॉम्प्युटरची गोगलगाय होते. व्हिडिओ अडखळतो, दुसरी विंडो ओढली तर मागे मागे येते, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं. एफ११ दाबून फुलस्क्रीन केलं की सगळं आलबेल वाटतं, म्हणून खापर विंडो मोडवर फुटतं. आठ महिन्यांच्या वापरानंतर मत असं, की हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यातला प्रकार आहे.

सगळ्यात आधी गेम कोणत्या कार्डावर चालतोय ते बघा. गेममध्ये एफ३ दाबा (बऱ्याच लॅपटॉपवर एफएन धरून). उजव्या बाजूच्या मजकुरात कार्डाचं नाव येतं. तिथे इंटेल लिहिलेलं असेल, म्हणजे गेम अंगभूत ग्राफिक्सवर चालत असेल, तर पुढचे सगळे उपाय वरवरचे. विंडोजच्या सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन प्रोग्रॅमला ‘हाय परफॉर्मन्स’ द्यायचं हे बहुतेकांना माहीत असतं, पण ते देतात लाँचरला. लाँचर फक्त गेम सुरू करून देतो. चित्र काढणारी फाइल वेगळी, जावाडब्ल्यू.ईएक्सई. गेम चालू असताना टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये ती शोधा, राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ घ्या आणि नेमकी तीच फाइल ग्राफिक्सच्या यादीत घाला. गेम बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय फरक पडत नाही.

इथे एक खोच आहे, आणि ‘काल चांगला चालत होता’ या तक्रारीमागे पुष्कळदा तीच निघते. लाँचर गेमच्या आवृत्तीप्रमाणे वेगळा जावा (ज्यावर गेम चालतो तो प्रोग्रॅम) वापरतो: १.१६ पर्यंत जावा ८, १.१८ पासून १७, १.२०.५ ला २१. प्रत्येकाचं फोल्डर वेगळं, म्हणून जावाडब्ल्यू.ईएक्सई पण वेगळी. आवृत्ती बदलली की जुनी सेटिंग जुन्याच फाइलला चिकटून राहते आणि नवी गुपचूप इंटेलवर जाऊ शकते. दर मोठ्या अपडेटनंतर एफ३ दाबून नाव बघायची सवय लावलेली बरी.

कार्ड बरोबर असेल तर पुढचा आरोपी ‘मॅक्स फ्रेमरेट’, म्हणजे गेमने सेकंदाला जास्तीत जास्त किती चित्रं (फ्रेम) काढायची ती मर्यादा. स्लायडर शेवटापर्यंत नेला की ‘अनलिमिटेड’ होतं. स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर सेकंदाला ६० फ्रेम दिसणार. गेम २०० काढत असेल तर वरच्या १४० जवळपास वाया. पण त्या काढायला कार्ड मात्र पूर्ण जुंपलेलं. विंडोजमध्ये सगळ्या विंडो जोडून एक चित्र करायचं काम डेस्कटॉप विंडो मॅनेजर करतो, आणि त्यालाही ग्राफिक्स कार्डाचाच वेळ लागतो. गेमने ताट पुसून खाल्लं की याला उरतं काय? फुलस्क्रीनमध्ये डेस्कटॉप डोळ्यांआड असतो, म्हणून ही उपासमार दिसत नाही एवढंच. व्हिडिओ सेटिंग्जमध्ये मर्यादा ६० वर आणा. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त गुण आला तो या एका उपायाला. व्हीसिंकनेही (फ्रेम स्क्रीनच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) मर्यादा बसते, पण माउस जड वाटतो.

तरीही रडत असेल तर विंडो कोपऱ्यातून ओढून निम्मी करा आणि एफ३ मधला एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बघा (ही तपासणी करताना मर्यादा काढून ठेवा). १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. गेमच्या मूळच्या ८५४ गुणिले ४८० च्या विंडोत ४,०९,९२०, म्हणजे पाचवा हिस्सा. विंडो लहान करून आकडा उडी मारत असेल तर भार ग्राफिक्स कार्डावर आहे. ढिम्म हलत नसेल तर प्रोसेसर दमलाय, आणि मग ‘रेंडर डिस्टन्स’, म्हणजे किती लांबचं दाखवायचं ते, कमी करायचं. १२ ला तुमच्याभोवती २५ गुणिले २५ म्हणजे ६२५ चंक (जगाचे चौकोनी तुकडे) येतात, ८ ला २८९. चार अंकांत निम्म्याहून जास्त ओझं उतरतं.

रॅमच्या बाबतीत मोह टाळा. लाँचर जावाला ठरावीक रॅम देतो, पुष्कळ आवृत्त्यांत २ जीबी. ‘लॅग आहे? ६ जीबी द्या’ हा सल्ला ८ जीबीच्या मशीनवर घातक आहे, कारण विंडोज आणि ब्राउझर उरलेल्या दोनात मावत नाहीत आणि डिस्कवर अदलाबदल सुरू होते. मग दर अर्ध्या मिनिटाला सगळंच गोठतं. मॉड (गेममध्ये घातलेल्या बाहेरच्या भर) नसतील तर २ पुरे, थोडे असतील तर ३, आणि ४ वर गेलात तर ब्राउझरचे टॅब आवरा. लाँचरमध्ये इन्स्टॉलेशन्स, एडिट, मोअर ऑप्शन्स इथल्या ओळीत एक्सएमएक्सपुढचा आकडा बदलायचा. जमलं तर दुसरी ८ जीबीची पट्टी टाकणं हा पैसे वसूल होणारा एकमेव खर्च.

विंडोज ११ मध्ये ‘ऑप्टिमायझेशन्स फॉर विंडोड गेम्स’ नावाचं बटण आहे. नाव ऐकून आशा वाटते, पण ते डायरेक्टएक्स (विंडोजची चित्र काढायची पद्धत) १० आणि ११ च्या गेमसाठी. जावा एडिशन चित्र काढायला ओपनजीएल ही वेगळी पद्धत वापरते, तेव्हा इथे चालू-बंद करून काही हाती लागत नाही. त्याऐवजी एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, प्रोग्रॅम सेटिंग्जखाली त्याच जावाडब्ल्यूसाठी ‘व्हल्कन/ओपनजीएल प्रेझेंट मेथड’ शोधा आणि ‘प्रिफर लेयर्ड ऑन डीएक्सजीआय स्वॅपचेन’ निवडा. याने फ्रेम डेस्कटॉपकडे पोचवण्याची पद्धत बदलते. रेकॉर्डिंगला काळी स्क्रीन आली तर परत ‘ऑटो’ करा.

शेडर (प्रकाश-सावल्या सजवणारी भर) लावणाऱ्यांनी टास्क मॅनेजरमध्ये ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’वर, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीवर, डोळा ठेवावा. ती ४ जीबीला टेकली आणि खालची ‘शेअर्ड’ (रॅममधून उसनी घेतलेली) वाढू लागली की धक्के बसणारच. ब्राउझरही त्याच ४ जीबीत वाटेकरी असतो.

चार्जर काढला की वरचं सगळं गणित मोडतं. बॅटरीवर कार्डाला पुरती वीज मिळत नाही, त्यामुळे लाइट गेल्यावर मर्यादा ३० वर आणून खेळा.