एमआयडीसीचा प्लॉट की खाजगी एनए?

छोट्या कारखान्यासाठी जागा बघताय, दोन्हीकडचे भाव काढून झालेत आणि गाडी अडलीय ती एका अटीवर: एमआयडीसीचा प्लॉट ठरल्या मुदतीत बांधला नाही, तर महामंडळ तो परत घेऊ शकतं. पैसे आपण मोजायचे आणि वर ही टांगती तलवार, हे कुणालाही खटकेल.

एनएचं, म्हणजे बिगरशेती केलेल्या खाजगी जमिनीचं सुख उघड आहे. सातबाऱ्यावर आपलं नाव. जमीन वर्ग 1ची असेल तर विकताना कुणाला विचारायला नको. एमआयडीसीत 95 वर्षांचा भाडेपट्टा. प्लॉट दुसऱ्याच्या नावे करायचा तर आधी मंजुरी आणि हस्तांतरण शुल्क, बँकेकडे गहाण टाकायचा तरी त्यांची संमती.

तरी मी एमआयडीसीकडे गेलो, ते शेजाऱ्यापायी. आधी माझी शेड एका खाजगी लेआउटमध्ये भाड्याने होती. आजूबाजूचे बहुतेक प्लॉट गुंतवणुकीचे: सिमेंटचे खांब, काटेरी तार, आत कमरेइतकं गाजरगवत. शेजारच्याने मुरमाचा भराव टाकून प्लॉट उंच केला, त्यात सामाईक गटार बुजलं आणि गडी जो गेला तो फिरकलाच नाही. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी लेथच्या पायाशी. गटार मोकळं करायला जेसीबी त्याच्या हद्दीत घालावा लागणार, आणि त्याचा फोन लागेना. ग्रामपंचायत म्हणाली, खाजगी जागा आहे, आम्ही काय करणार?

ओसाड प्लॉट एमआयडीसीतही दिसतात. पैसे भरून मुदतवाढ मिळते. मोठ्यांना ती परवडते, कर्ज अडकलेल्या छोट्याला जड जाते. त्यामुळे ही अट सरसकट न्याय्य आहे असं मी म्हणणार नाही. पण नोटिशीच्या भीतीने का होईना, मालक कागदपत्रं घेऊन हजर होतो. शेतीसाठी तर असं कलम जुनंच आहे. 1948च्या कूळकायद्यातल्या कलम 65प्रमाणे, धारकाच्या हयगयीमुळे जमीन सलग दोन वर्षं पडीक राहिली, तर सरकार चौकशी करून तिचं व्यवस्थापन हाती घेऊ शकतं. एनए लेआउटनाही असंच काही लावलं, तर माझी हरकत नसेल.

नातवासाठी जागा धरून ठेवायची असेल तर एनए घ्या. मशीन चालवायचं असेल तर एमआयडीसी बघा. फक्त दुसऱ्याकडून घेत असाल तर बीसीसी, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, झालंय का ते आधी विचारा, नाहीतर त्याची संपलेली मुदत तुमच्या गळ्यात पडायची.