फलक मजबूत, लाल रंग फसलेला: नंदुरबारच्या एका डिजिटल प्रिंट दुकानाचं काम

काम होतं १९ जूनचं, म्हणजे जागतिक सिकलसेल दिनाचं. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. चित्रकार हर्ट्झ नझेर यांच्या स्मरणार्थ ओपीडीत लावायचे आठ फलक, प्रत्येकी दोन बाय तीन फूट. नझेर मूळचे हैतीचे, पुढे अमेरिकेत राहिलेले. सिकलसेल अंगावर वागवत त्यांनी चित्रं काढली आणि २०२१ मध्ये ते गेले. दवाखान्यात दुखणं शून्य ते दहाच्या आकड्यात विचारतात. त्या दहाच्या आत काय असतं ते त्यांनी रंगात मांडलं. इकडच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या सिकलसेल पेशंटला ते वेगळं समजवावं लागत नाही.

सनबोर्ड, म्हणजे व्हिनाइलवरची छपाई जिच्यावर चिकटवतात ती फोमची पाटी, ५ मिमीचा मिळाला, हे उत्तम. ३ मिमीचा स्वस्त पडतो, पण पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवला की धनुष्यासारखा वाकतो. लॅमिनेशन मॅटच घ्या. ग्लॉसवर ट्यूबलाइट चमकते आणि चित्राऐवजी बघणाऱ्याचं तोंडच दिसतं. दोन फलकांवर मात्र फुगे आले. कारण घाई. सॉल्व्हंट शाईची छपाई एक दिवस उघडी सुकू द्यावी लागते. ओल्या शाईवर फिल्म चढवली की आतला वायू बाहेर यायला जागा शोधतो. बारीक फुगा सुईने टोचून फडक्याने दाबला की बसतो, मोठा बसत नाही.

खरी गोची लाल रंगाची. स्क्रीनवर पेटलेला लाल छपाईत विटकरी उतरला. फाइल आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशात असते आणि मशीन निळी, मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी, काळी अशा चार शायांवर चालतं, त्यामुळे थोडा फरक पडणारच. पण इथे ऑपरेटरने ‘उठाव’ यावा म्हणून लालात काळा मिसळला होता. मॅजेंटा १००, पिवळा १००, निळा-काळा शून्य, इथून सुरुवात करून ए-फोर आकाराची नमुना पट्टी त्याच व्हिनाइलवर काढायला लावा. एरवी लग्नाच्या बॅनरवर हा फरक कोण बघतो? रक्ताच्या आजारावरच्या चित्रात मात्र लाल चुकला की चित्रच चुकलं. पट्टी मागितल्यावर दुकानाने कुरकुर न करता काढून दिली, आणि फसलेले तीन फलक अर्ध्या दरात परत छापून दिले. एवढं श्रेय द्यायला हवं.

अक्षरांचं वेगळंच. मजकूर युनिकोडमध्ये, दुकानाचं काम श्रीलिपी या वेगळ्या फॉन्ट-पद्धतीत. रूपांतरात ‘श्रद्धांजली’तला द्ध फुटला, ‘स्मृती’तला ऋकार गायब. घरूनच मजकूर कर्व्हमध्ये (अक्षरांच्या रेषाकृतीत, म्हणजे फॉन्ट लागत नाही) करून पीडीएफ न्या. चित्राची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. या मापाला किमान २४०० बाय ३६०० पिक्सेल हवेत. ऑपरेटर कोपऱ्यात स्वतःच्या संग्रहातली चंद्रकोर टाकून देतो, ती काढायला सांगा. पेशी विळ्यासारखी वाकते खरी, पण ईदचा चंद्र नव्हे.

परवानगीचा कागद दुकानाने विचारलाच नाही. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे इथे २०८१ अखेरपर्यंत. वारसांची लेखी संमती हाती आल्यावरच दुकानाची पायरी चढा. संमती नसेल तर त्यांच्या कामाविषयी मजकूर छापा, चित्र नको.

चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नका. चुन्याच्या भिंतीवरून ती जूनच्या उकाड्यात रंगाच्या पोपड्यासकट सुटते. वरच्या दोन कोपऱ्यांना भोकं पाडून नायलॉनची दोरी ओवा. फलकाचा मध्य जमिनीपासून चार फुटांवर ठेवा, कारण ओपीडीत बघणारा बाकावर बसलेला असतो, आणि दुखत असताना त्याने उभं राहू नये. पंख्याच्या थेट झोतातला बाकही टाळा. अंगाला गारठा लागला की दुखणं उसळू शकतं.

दुकानाला पाचपैकी साडेतीन गुण. दर ठरवताना जीएसटी धरलाय का ते आधीच विचारा, आणि कार्यक्रमाच्या किमान पाच दिवस आधी काम द्या.