अंबडमधलं ऑटो एसीचं वर्कशॉप: गॅसच्या आधी सेन्सर बघणारं

गाडीच्या ऑटो एसीवर, म्हणजे लावलेलं तापमान आपोआप राखणाऱ्या एसीवर, 24 लावलं तरी हुडहुडी भरते किंवा 20 लावूनही घाम फुटतो, अशी तक्रार नेली की बहुतेक ठिकाणी आधी गॅसचं मीटर जोडतात. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या या लहानशा वर्कशॉपमध्ये आधी टिश्यू पेपरचा तुकडा काढतात.

डॅशबोर्डवर स्टिअरिंगजवळ एक बारीक जाळी असते. तिच्यामागे केबिनचं तापमान मोजणारा सेन्सर (थर्मिस्टर) बसवलेला असतो. त्याच्यावरून हवा सतत ओढली जावी म्हणून मागे पातळ नळी किंवा चिमुकला पंखा असतो. ब्लोअर चालू करून कागद जाळीला लावला की तो चिकटून राहायला हवा. गळून पडला, तर नळी निसटलेली किंवा धुळीनं तुंबलेली. मग सेन्सरला डॅशबोर्डच्या आतली कोंडलेली गरम हवाच कळते. केबिन अजून तापलेलीच आहे असं धरून कंट्रोल युनिट गारवा वाढवत राहतं आणि मागे बसलेली म्हातारी माणसं कुडकुडतात. नळी परत बसवणं हे काही मिनिटांचं काम. तेवढ्यासाठी इथं नवा सेन्सर माथी मारत नाहीत, हे आवर्जून सांगायला हवं.

उन्हाचा सेन्सर समोरच्या काचेखाली असतो. त्यावर डॅशबोर्डची मॅट किंवा गणपतीची मूर्ती आली की भर दुपारीही युनिटला सावलीच दिसते आणि ब्लोअर हवा तेवढा वाढत नाही. शेडमध्ये उभ्या गाडीत स्कॅनर याच सेन्सरचा दोष दाखवू शकतो, कारण काही गाड्यांत अंधार आणि तुटलेली वायर युनिटला सारखीच भासते. इथं गाडी उन्हात काढतात, स्कॅनरनं दाखवलेला दोषाचा कोड पुसतात, पुन्हा बघतात.

बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर बंपरमागे असतो. बंपरचं काम झाल्यावर तो क्लिपमध्ये न बसवता लोंबकळत सोडला, तर रेडिएटरची धग खातो. द्वारका चौकात गाडी अडकली तरी आकडा लगेच चढत नाही, तो मात्र बिघाड नव्हे. इंजिनची उष्णता मोजली जाऊ नये म्हणून युनिट मुद्दाम थांबतं.

डॅशमधून टकटक आली की गरम-थंड हवा मिसळणाऱ्या फ्लॅपच्या मोटरचे प्लास्टिक दाते तुटलेले असण्याची शक्यता जास्त. नवी मोटर बसवल्यावर फ्लॅपची दोन्ही टोकं युनिटला शिकवावी लागतात. इथं ते स्कॅनरवरून नीट करून देतात.

कसारा घाट उतरताना हवा हळूहळू मंदावते आणि एसी 20 मिनिटं बंद ठेवला की पुन्हा सुरळीत होते, तेव्हा दोष गॅसचाच असेल असं नाही. इव्हॅपोरेटरच्या (डॅशबोर्डमागे हवा गार करणाऱ्या भागाच्या) जाळीतला सेन्सर सरकलेला असू शकतो; मग कॉम्प्रेसर वेळेवर थांबत नाही आणि जाळीवर बर्फ धरतो. केबिन फिल्टर चोंदला तरी असंच होतं, म्हणून तो आधी काढून बघतात.

गॅसची पाळी शेवटी. जुना काढून वजन करतात, व्हॅक्यूम धरतात (पाइपांतली हवा आणि ओल ओढून काढतात), बॉनेटखालच्या स्टिकरवरचेच ग्रॅम भरतात आणि बिलावर लिहून देतात. अंदाजे जास्त भरला की प्रेशर वाढतं आणि प्रेशर सेन्सर कॉम्प्रेसरच बंद करतो.

उणिवा दोन. आर-1234वायएफ या नव्या प्रकारच्या एसी गॅसचं मशीन नाही, त्यामुळे तो गॅस असलेल्या गाड्या परत पाठवतात. फ्लॅपच्या मोटरी मागवाव्या लागतात, दोन-तीन दिवस जातात. जाताना मॅट काढून, दुपारच्या उन्हात जा.