३०० जीएसएमचा सुती कागद : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आधी मुद्द्याचं सांगते. निवृत्तीनंतर जलरंगाकडे परत येणार असाल तर रंग साधे घ्या, ब्रश दोनच घ्या, पण कागद शंभर टक्के सुती आणि ३०० जीएसएमचाच (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. नऊ महिने आणि दीडशेच्या आसपास चित्रं झाल्यावर हे लिहिते आहे. त्याआधीचं एक वर्ष माझं चुकीच्या कागदावर गेलं, आणि ते वर्ष मला अजून सलतं.

१९७५ साली इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला मला ए ग्रेड होती. स्थिरचित्राला पितळी तांब्या, दोन वांगी आणि मागे चुण्या पडलेला कपडा ठेवला होता. तो तांब्या आजही डोळ्यांपुढे आहे. पुढे बँकेची नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण. चित्रकला उरली ती दारातल्या रांगोळीत आणि गणपतीच्या आराशीत.

निवृत्त झाल्यावर पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात गेले आणि समोर आला तो ड्रॉइंग पेपरचा गठ्ठा घेऊन आले. आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, द्यायला घेतला की कागदाला पोक यायचं, रंग खळग्यांत साचायचा. दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की वरचा थर सुटून त्याच्या बारीक वळ्या व्हायच्या. मला वाटलं, हात गेला. इतक्या वर्षांत जाणारच, असं स्वतःला समजावून रंग दोनदा कपाटात ठेवूनही दिले.

सकाळी फिरायला येणाऱ्या एका मैत्रिणीने सुती कागदाचा तुकडा दिला. "अगं, एकदा यावर करून तर बघ," म्हणाली. त्या दिवशी मी खिडकीतून दिसणारी पर्वती केली. ओल्या निळ्यात थोडा राखाडी सोडला आणि ढगाची कड आपोआप मऊ पसरली. पाच-सात मिनिटं कागद ओला राहिला, मला विचार करायला वेळ मिळाला. मी खुर्चीत बसून रडले. हात होता तिथेच होता.

कारण साधं आहे. नेहमीचा कागद लाकडाच्या लगद्याचा, तर सुती कागद कापसाच्या लांब, चिवट तंतूंचा असतो. त्यावर आतून-बाहेरून सरसाची प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे पाणी लगेच शोषलं जात नाही. चुकलेली जागा ओल्या ब्रशने उचलता येते, चिकटपट्टी काढताना कड फाटत नाही. महाग आहे, खरंच महाग आहे. मी २२ बाय ३० इंचांच्या पूर्ण शीटचे आठ तुकडे करते आणि दोन्ही बाजू वापरते. मग परवडतं. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागदही घरात आहे. १९४० पासूनची आपल्या गावातली ही संस्था. तिथला कागद मी पेनाच्या रेषा आणि हलक्या रंगासाठी राखून ठेवते.

पावसाळ्यात मात्र जपा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात माझ्या दहा शीट होत्या. ऑगस्टमध्ये काढल्या तर वॉशमध्ये टीपकागदासारखे गडद ठिपके उमटू लागले. दमटपणाने सरस खराब होतो, हे तेव्हा कळलं. विकणाऱ्याला दोन मेल केल्या, उत्तर आलं नाही. आता कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आतल्या खोलीत असतो. एप्रिलमध्ये उलट त्रास. नदीपात्रात ओंकारेश्वरासमोर बसले तर अकरानंतर वॉश डोळ्यांदेखत वाळतो. सकाळी सातला जा.

रंगांबद्दल थोडक्यात. अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), येलो ऑकर (मातकट पिवळा) हे विद्यार्थी दर्जाचेही चालतात. पहिल्या दोघांच्या मिश्रणातून पुण्याच्या दगडी भिंतींचा करडा अचूक मिळतो. शाळेत आपल्याला क्रिमसन लेक लाडका होता, त्या जातीच्या लालबाबत सावध राहा. मी एका पट्टीचा अर्धा भाग झाकून ती दक्षिणेच्या खिडकीत चार महिने चिकटवली होती. उघडा अर्धा भाग फिका पडला. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक पीआर ८३ छापलेला असेल तर सोडा, पीव्ही १९ घ्या.

आणि डोळ्यांचं. मार्चमध्ये उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर आधीची चित्रं बाहेर काढून पाहिली, तर सगळी आकाशं भडक निळी दिसली. डोळ्यातलं पिवळट पडलेलं भिंग निळा अडवत होतं आणि मी नकळत तो वाढवत होते. जलरंगात पांढरा म्हणजे मोकळा सोडलेला कागद. तोच कागद उजव्या डोळ्याने दुधासारखा दिसतो, डाव्याने चहा सांडून वाळल्यासारखा. फ्रेंच चित्रकार क्लॉद मोने यांच्याही उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं होतं, त्यानंतर त्यांनाही निळे वेगळे दिसले. रंग जुळत नसतील तर आधी डोळे तपासून घ्या, माझं ऐका.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. तोवर आकाश रंगवताना मी डावा डोळा मिटून घेते.