सहा गळांचा तयार स्प्रिंग सेट: इंदिरा सागरवर कितपत चालतो?

इंदूरमध्ये गळाच्या सामानाच्या दुकानात मिळणारा हा सेट म्हणजे आमिषाचा लगदा दाबून बसवायची स्प्रिंग आणि तिच्याभोवती आखूड दोऱ्यांवर लोंबणारे सहा गळ. छोट्या तलावावर तो ठीक आहे. पुनाशाच्या पाण्यात, म्हणजे नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या जलाशयात, तो जसाच्या तसा टाकलात तर मासा कमी, गुंता जास्त. निघण्याआधी पाऊण तास त्यावर खर्च केलात, तर मात्र पैसे वसूल.

मुख्य दोष दोऱ्यांचा. चार-चार इंचांच्या दोऱ्या फेकतानाच एकमेकींत अडकतात. दोन गळ काढून टाका आणि बाकीच्या दोऱ्या दीड-दोन इंचांवर आणा. रोहू लगदा चोखतो, त्याबरोबर गळही आत ओढला जातो. दोरी आखूड असली की स्प्रिंगचं वजन लगेच ताण देतं आणि टोक ओठात रुततं; लांब असली तर मासा गळ सहज थुंकून टाकतो. स्विव्हलची (दोरीला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या जोडाची) कडी पक्कडीनं ओढून बघा, तोंड उघडलं तर बदला. तळाशी बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत, म्हणून मुख्य दोरी 0.40 मिमीची असेल तर शिसं 0.25 च्या वेगळ्या तुकड्यावर बांधा. शिसं अडकलं तर तेवढंच तुटेल.

लगदा: दोन वाट्या ब्रेडचा चुरा, एक वाटी शेंगदाण्याची पेंड, अर्धी वाटी कणीक. पाणी शिंपडत मळा. बादलीत टाकून पाहा, वीसेक मिनिटांत तो सुटायलाच हवा. कणीक जास्त झाली की गोळा दगडासारखा बसून राहतो आणि वास पसरत नाही. थंडीत थोडा सैलच ठेवावा.

तळावर मृगळ, कॉमन कार्प आणि रोहू मिळतात. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यात चरतो; त्याच्यासाठी तरंगी लावून चार-पाच फुटांवर गळ सोडा, हा सेट उपयोगाचा नाही.

धरणाची पूर्ण पातळी 262.13 मीटर. पावसाळ्यानंतर पाणी उतरत जातं. काठावरची ओली पट्टी रातोरात रुंद झाली असेल तर उथळात बसू नका, मासा खोलात सरकलेला असतो. वारा ज्या काठावर येऊन आदळतो, तिथे बसावं.

16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद. एरवीही परवानगी आधी घ्या. महासीर लागला तर पाण्यातच गळ काढून सोडा, तो मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे.

घेताना गळाचं टोक नखावर टेकवून बघा. घसरलं तर तो सेट परत ठेवा.