टुलाम्बेनची 'लिबर्टी': जहाज उत्तम, मास्क चुकीचा

बालीतल्या टुलाम्बेनला किनाऱ्यालगत बुडालेलं 'लिबर्टी' जहाज डाइव्ह करून पाहिलं. पाचपैकी साडेतीन तारे. एक कापला मास्कसाठी, अर्धा गाइडसाठी. जहाजाचे पूर्ण दिलेत.

मला उणे साडेचारचा चष्मा आहे. बालीला जायच्या आधी बडोद्याहूनच डाइव्ह सेंटरला नंबर कळवला होता. "आहे, आहे" असं उत्तर आलं. पहाटे सहाला हातात पडला तो उणे दोनचा मास्क! गाइड म्हणतो, "पाण्यात सगळं मोठंच दिसतं, मॅडम." दिसतं खरं, साधारण एक-तृतीयांश मोठं. पण धूसर ते धूसरच, फक्त मोठं धूसर.

तरी उतरले. पन्नाशीनंतर बडोद्यातल्या लालबागच्या स्विमिंग पूलमध्ये पोहायला शिकलेल्या बाईलाही झेपेल असं हे जहाज आहे. किनाऱ्यापासून अगदी जवळ, त्यामुळे बोटीत बसणं नाही की मळमळणं नाही. त्रास आहे तो काळ्या गोट्यांचा. लाट परतताना पायाखालून खडखडत सरकतात. जाड तळव्याचे बूट मागून घ्या. आमच्या हवेच्या टाक्या गावातल्या बायकांनी डोक्यावरून त्याच गोट्यांवरून नेल्या. मी रिकाम्या हाताने दोनदा आपटले.

अमेरिकन लष्कराचं हे मालवाहू जहाज १९१८ सालचं, सव्वाशे मीटर लांब. ११ जानेवारी १९४२ला लोम्बोकजवळ जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, तेव्हा ओढत आणून इथे किनाऱ्याला लावलं. एकवीस वर्षं तिथेच पडून होतं. १९६३मध्ये आगुंग ज्वालामुखी उसळला आणि त्या हादऱ्यांनी ते पाण्यात घसरलं. म्हणून वरचा भाग जेमतेम पाच मीटरवर, खालचा तीसच्या आसपास.

गाइडला मात्र पंचवीस मीटरची हौस. माझं सर्टिफिकेट अठरा मीटरपर्यंतचंच आहे, हे विचारायचीही तसदी नाही. पंचवीसवर दाब पृष्ठभागाच्या साडेतीन पट, हवा भराभर संपते, आणि टॉर्चशिवाय लाल रंग दिसतच नाही. मी हाताने ठाम 'नको' केलं आणि बारा मीटरपेक्षा खोल गेले नाही. काही हुकलं नाही माझं.

कारण कपाळावर टेंगूळ असलेल्या पॅरटफिशचा कळप तिथेच भेटला. मीटरभर लांबीचे एकेक, सकाळी गुरं सुटावीत तसे संथ चाललेले. माझ्या त्या मास्कमधून नुसते हिरवट ढग. पण ते प्रवाळ चावत होते आणि त्याचा आवाज पाण्यात इतका स्वच्छ येत होता, की कोणीतरी कानाशी भाजलेला पापड मोडतंय! जे डोळ्यांना मिळालं नाही ते कानांनी वसूल केलं. वर येण्याआधी सुरक्षेसाठी घ्यायचा पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबाही जहाजाच्या अंगावरच होतो, त्यामुळे तो वेळ फुकट जात नाही.

वर आले तर आमचे हे गोट्यांवर बसून घरून आणलेला लीलो चिवडो संपवत होते. नऊनंतर गाड्या भरभरून लोक येतात, तेव्हा पहाटेचीच वेळ घ्या. दोन डाइव्ह केलेत तर पुढे अठरा तास विमान नको, तिकीट त्या हिशेबाने काढा.

परत आल्यावर रावपुऱ्यातल्या आमच्या चष्मेवाल्याला विचारलं. म्हणाला, "मास्क आणा बेन, आतून लेन्स चिकटवून देतो." मास्क मागवलाय.